निळं पत्र: एका बेने इस्रायल कुटुंबाच्या सहा पिढ्या आणि एक अडलेलं लग्न

२०१७ साली इस्रायलमधल्या दिमोनाहून मला बारा पत्रांचे स्कॅन आले. निळे एरोग्राम, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले, घड्यांवर शाई पुसट झालेली. पाठवणारी मुलगी तिशीच्या आतली. तिला हिब्रू आणि इंग्रजी येतं. मराठीतलं तिच्याकडे उरलेलं म्हणजे 'आजी', 'पोहे', 'बस आता' आणि 'अगं बाई'. पत्रं तिच्या वारलेल्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात निघाली होती आणि ती वाचू शकेल असं घरात कोणी राहिलं नव्हतं. मी ठाण्यात राहते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, जुनं हस्ताक्षर मला लागतं. एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, शेजारणीने तिला माझं नाव सांगितलं होतं.

त्या पत्रांतून आणि नंतर दाखवलेल्या कागदांतून जे उलगडलं ते कुटुंबाच्या संमतीने इथे मांडते आहे. गावाचं नाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याचं कारण पुढे येईलच. नावांऐवजी नाती वापरते: जिचं लग्न अडलं ती लेक, तिची आई, आईची आई म्हणजे आजी, आजीचे वडील म्हणजे तेली, आणि मला पत्रं पाठवणारी ती लेकीची नात.

पार्श्वभूमी

तेल्याचं घर रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठी. बेने इस्रायल समाजात परंपरेने असं सांगतात की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. नावंही कोकणी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी. घरात ही नावं किती गोड वाटत असतील! पुढे एका कचेरीत हीच नावं अडचणीची ठरली.

सणांनाही मराठी नावं होती: नव्याचा सण, दार फाळणीचा सण, बिरड्याचा सण. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा, म्हणजे गूळ किंवा साखर, खोबरं आणि वेलची घातलेले पोहे, बरोबर फळं. सुंता असो, लग्न असो की मरण, 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची. गावपातळीवर धर्मशास्त्राचे ग्रंथ फारसे नव्हतेच. भांडणतंटा, सोयरीक, सोडचिठ्ठी हे सगळं काझी आणि जमातीची वडील मंडळी बसून मिटवत.

एक गोष्ट सांगायला समाजातले जुने लोक कचरतात, पण या प्रकरणात ती टाळून चालणार नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांत गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. ज्या घरात कधीकाळी समाजाबाहेरची बाई आली असं मानलं जाई, ते काळे. गोरे त्यांना मुलगी देत नसत, त्यांची घेत नसत, पंगतही वेगळी. रंगाशी त्याचा संबंध असेलच असं नव्हतं. संबंध होता तो कुठल्या तरी पणजीबद्दलच्या कुजबुजीशी.

रॉकेल आलं, गिरणीचं तेल आलं आणि घाणा बसत गेला. तेल्याची मुलगी, म्हणजे आपली आजी, १९११ च्या सुमारास लग्न होऊन मुंबईत उमरखाडीच्या एका चाळीत आली. नवरा जीआयपी रेल्वेत कारकून. तो माझगावच्या इस्रायली शाळेत शिकलेला. हाईम सॅम्युएल किहीमकरांच्या खटपटीने १८७५ मध्ये सुरू झालेली ती शाळा, जी पुढे सर एली कदूरी शाळा झाली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीत बांधलेलं, घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. आजीला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. तिचा 'र' शेवटपर्यंत मोडीच्या वळणाचा राहिला, बहुधा त्यानेच तसा शिकवला असावा.

आईचा जन्म १९१६ चा. तिचा नवरा परळच्या गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर (मुकादम) होता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, १९५० मध्ये भारताने त्याला मान्यता दिली आणि चाळीत रोज एकच विषय सुरू झाला: जायचं की राहायचं. भारतात यहुदी म्हणून कोणी त्यांना कधी त्रास दिला नव्हता. बेने इस्रायल माणूस हे अभिमानाने सांगतो आणि ते खरं आहे. ओढ धर्माची होती, आणि आधी गेलेल्या सोयऱ्यांची. शिवाय रेल्वे, कस्टम, पोस्ट या खात्यांत इंग्रजांच्या काळी जो हक्काचा शिरकाव होता तो पुढच्या पिढीला मिळेल का, ही धास्ती होती. दुसरीकडे, पहिल्या लाटेत गेलेल्यांपैकी शंभरावर माणसं रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करत, धरणं धरून, १९५२ मध्ये मुंबईला परतलीही होती. त्यातली बरीच पुढे पुन्हा जाण्याची खटपट करू लागली, हेही चाळीने पाहिलं.

हा निर्णय घ्यायला या कुटुंबाला चार वर्षं लागली. १९५७ मध्ये आई, वडील आणि चार मुलं विमानाने लोदला उतरली. आजी गेली नाही. दफनभूमीत नवऱ्याशेजारची जागा तिने ठरवून ठेवली होती. मामा, म्हणजे आईचा भाऊ, तोही तिच्याजवळ राहिला.

त्यांना दिमोनात घर मिळालं. नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेलं गाव, आधी आलेले लोक बहुतेक मोरोक्कोचे. तिथे कापडगिरणी निघाली आणि वडील पुन्हा साच्यांच्या आवाजात जाऊन उभे राहिले. बॉबिनला हिब्रूत काय म्हणतात ते त्यांना आठवड्यात आलं. दवाखान्यात पोट कुठे दुखतं ते सांगायला वर्ष गेलं.

अडचण

१९६२ च्या अखेरीस लेक एकवीस वर्षांची होती, गिरणीच्या ऑफिसात कामाला. तिची सोयरीक एका मोरोक्कन घराशी ठरली. मुलगा मृत समुद्राकाठच्या पोटॅश कारखान्यात होता. दोन्ही घरांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण लग्नाआधी मेंदी दोघांकडेही. आईने मामाला आनंदाने लिहिलं की यांच्यातही हात रंगवतात, फक्त गाणी आपल्याला कळत नाहीत.

इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचं लग्न आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, धर्मपीठाच्या हाती आहे. नोंदणी कार्यालय मुलगा-मुलगी दोघांची यहुदी असल्याची खात्री करून घेतं, आणि यहुदीपण आईकडून येतं. बेने इस्रायलांबद्दल शंका जुनीच होती. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी विवाह करायला हरकत नाही असं ठरवलं, पण फेब्रुवारी १९६२ च्या सूचनांनी त्याला अट घातली. बेने इस्रायल आणि इतर यहुदी यांचं लग्न असेल तर मुलीची आई, आईची आई, अशी शक्य तितकी मागे चौकशी करायची. आणि वाडवडिलांत कोणाचा घटस्फोट होऊन दुसरं लग्न झालं होतं का, तेही पाहायचं.

पहिल्या भागाचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला: तुमच्या रक्ताचा भरवसा नाही. समाज पेटला तो त्यावर. दुसरा भाग मात्र जास्त धोक्याचा होता आणि तो फार थोड्यांना उमगला. शास्त्राप्रमाणे घटस्फोट 'गेट' नावाच्या लेखी पत्राने, साक्षीदारांसमोर व्हावा लागतो. तो तसा झाला नसेल तर बाई पहिल्याचीच बायको राहते, आणि दुसऱ्या नवऱ्यापासून झालेलं मूल 'मामझेर' ठरतं. मामझेराला सर्वसाधारण यहुद्याशी लग्न करता येत नाही. त्याच्या मुलांना नाही, नातवंडांना नाही.

फेब्रुवारी १९६३ मध्ये अर्ज गेला आणि अडला. कागद आणा, असं उत्तर मिळालं.

मामाने तीन महिने पायपीट केली. मांडवीच्या सिनेगॉगच्या मुकादमाकडून आईच्या केतुब्याची, म्हणजे विवाहपत्राची, नक्कल मिळवली. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला, तिथून एसटीने अलिबागला आणि पुढे गावाला जाऊन कबरीवरचा लेख उतरवून आणला. हाती काय आलं? रेल्वेच्या सर्व्हिस बुकात आजोबा अब्राहम. केतुब्यात हिब्रू अव्राहाम. गावच्या नातेवाइकांच्या साक्षीत अबाजी. तीन कागद, एक माणूस, आणि ते सिद्ध करायला चौथा कागद नाही. बायकांचं त्याहून वाईट. नोंदीत 'अमक्याची मुलगी, तमक्याची बायको'. ज्या समाजाला आईच्या आईचं नाव विचारलं जात होतं, त्याच्या वह्यांत आईचं नाव लिहिण्याची जागाच नव्हती. हे वाचताना मला माझ्या पणजीचं नाव आठवेना, हेही इथे नोंदवते.

आणि मग, मामाच्या जाड पाकिटाच्या आदल्या आठवड्यात, आजीचं स्वतंत्र पत्र आलं. फक्त आईच्या नावे.

पत्रात काय होतं

ते मी सारांशाने देते, शब्द तिचे देत नाही.

आजी दहा वर्षांची असताना खाडीपलीकडच्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलाशी तिचं लग्न लागलं होतं. ती नांदायला गेली नव्हती, सणासुदीला ये-जा होती. दोन वर्षांनी कोणीतरी तेल्याच्या कानावर घातलं की मुलाची आजी बाहेरची, घर काळं इस्रायल आहे. खरं-खोटं कोणी तपासलं नाही. तेली जमातीपुढे गेला. काझी आणि पाच वडील माणसं ओटीवर बसली, काडी मोडली, लुगडं आणि भांडी परत झाली. लेखी काहीच झालं नाही. सहा वर्षांनी मुंबईचं स्थळ आलं. नवऱ्याला हे ठाऊक होतं, मुलांना कधी सांगितलं नाही.

आता कचेरी विचारते आहे, तर तू ठरव, एवढंच तिने आईवर सोडलं होतं. आपल्यामुळे लेकीचं लग्न मोडू नये आणि आपल्यामुळे लेकीला खोटंही बोलावं लागू नये, अशा दोन्ही इच्छा एकाच परिच्छेदात होत्या. त्या एकत्र पुऱ्या होणं किती अवघड आहे हे तिला कळत असणार. तिथे शाई दाट आहे, लेखणी थांबलेली दिसते.

ज्या शंकेने तेल्याने पोरीचं लग्न मोडलं, तीच शंका साठ वर्षांनी त्याच्या पणतीच्या दारात येऊन उभी राहिली. आणि तिला अडवणारी गोष्ट म्हणजे ते मोडलेलं लग्नच.

समोरचे पर्याय

आईने पत्र नवऱ्याला दाखवलं नाही, लेकीला दाखवलं. दोघींनी काय काय तोलून पाहिलं हे मामाला लिहिलेल्या पत्रांतून आणि लेकीने पुढे नातीला सांगितलेल्या तुकड्यांतून जुळवलं आहे. मामाला मात्र काडीमोडीचं ठाऊक होतं की नाही हे कळत नाही. सगळं 'ती गोष्ट' म्हणून येतं.

सोपा मार्ग वडिलांचा होता: ही सोयरीक सोडा, आपल्यातलाच मुलगा पाहा. दोन्हीकडचे बेने इस्रायल असतील तर इतकी चौकशी होत नव्हती. लेकीने ते ऐकूनच घेतलं नाही.

सायप्रसला जाऊन नागरी विवाह करणं हा दुसरा. त्याच वर्षी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या नागरी विवाहाची नोंद सरकारने करावी असा निकाल दिला होता, म्हणजे कागदोपत्री नवरा-बायको होता आलं असतं. पण मुलाची आई तसल्या लग्नाला लग्नच मानणार नव्हती, आणि मुलं झाली की त्यांच्या लग्नात हाच प्रश्न परत उभा. मुंबईला परत जाऊन सिनेगॉगमध्ये लग्न लावणं लेकीला भावलं होतं, आजीही भेटली असती. चार तिकिटांचे पैसे नव्हते.

खरा पेच उरलेल्या दोन वाटांत होता. सगळं सांगून टाकायचं आणि धर्मपंडित काय म्हणतील ते सोसायचं. किंवा मामाचे कागद द्यायचे आणि घटस्फोटाच्या रकान्यात 'नाही' लिहायचं. काडी मोडताना हजर असलेलं कोणी जिवंत नव्हतं. खोटं कधीच उघडं पडलं नसतं. ओळखीच्या दोन-तीन घरांनी अशाच बाबतीत गप्प राहून कामं उरकल्याचं आईला ठाऊक होतं.

काय केलं

त्यांनी अर्ज मागे घेतला.

मला हा या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो, जरी त्या वेळी तो हार मानल्यासारखा दिसला. प्रश्न विचारला गेला की उत्तर द्यावं लागणार, आणि दोन्ही उत्तरं त्यांना नको होती. म्हणून ज्या कचेरीत तो प्रश्न विचारला जातो तिथून त्या बाहेर पडल्या. मोरोक्कन घराला एवढंच सांगितलं की कागद पुरे पडत नाहीत, थांबू. मुलगा थांबला. त्याची आई वर्षभर नीट बोलली नाही.

वडिलांना आतलं माहीत नसल्याने त्यांचा राग सरळ आणि मोठा होता. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्रायल जेरुसलेमला, स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीसमोर धरणं धरून बसले तेव्हा ते गिरणीतून बिनपगारी रजा काढून गेले. लेकही दोन वेळा गेली. तिथे घोषणा होती की आमच्या आज्यांची चौकशी बंद करा, आणि ती त्या घोषणेत आवाज मिसळत उभी होती. आपल्या आजीच्या चौकशीत काय निघेल हे ठाऊक असताना! तिने नातीला सांगितलं होतं की त्या दिवशी घसा दाटून आला आणि लोकांना वाटलं ओरडून बसला आहे.

१७ ऑगस्ट १९६४ ला क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांना वेगळं वागवू नये असा ठराव केला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने धर्मपीठावर जोर आणला. ३१ ऑगस्टला सूचना बदलल्या: 'बेने इस्रायल' हे नाव काढलं, त्याजागी ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कोणीही, असं आलं.

जुन्या कचेरीत तरीही तोच कारकून होता आणि तीच नजर. इथे मुलाच्या थोरल्या भावाने डोकं चालवलं. तो दुसऱ्या शहरात राहायचा, तिथल्या नोंदणीकर्त्या रब्बीकडे त्याने शब्द टाकला. त्या रब्बीने दोन साक्षीदारांना विचारलं: ही यहुदी घरातली आहे ना, आणि अविवाहित आहे ना? दोन्हींचं उत्तर हो, आणि दोन्ही खरं. नोव्हेंबरमध्ये लग्न लागलं. मेंदीच्या रात्री मलिद्याचं ताट आणि मोरोक्कन मिठाया एकाच टेबलावर होत्या.

निष्पत्ती

लग्न पन्नास वर्षं टिकलं. तीन मुलं, नऊ नातवंडं, दिमोना, अश्दोद आणि एक कुटुंब टोरांटोत. लेक मुलांशी हिब्रू बोलायची, नवऱ्याच्या आईसाठी तिने मोरोक्कन अरबी शिकून घेतली. मराठी आईपुरती उरली आणि आईबरोबर गेली. मराठी नियतकालिक 'मायबोली' घरी यायचं, तेही पुढे कोणी उघडेना.

या सगळ्याची एक बाजू मात्र कोणी हिशेबात धरली नव्हती. आजीच्या त्या पत्राला उत्तर गेलं नाही. मामाच्या पुढच्या चार पत्रांत शेवटी तीच ओळ आहे: आई (म्हणजे आपली आजी) विचारते, दिमोनाचं पत्र आलं का. आईने मामाला लिहिलं, गिरणीबद्दल, हवेबद्दल, धरण्याबद्दल लिहिलं. आजीला 'साष्टांग नमस्कार' एवढंच. कदाचित कागदावर काही राहू नये म्हणून असेल. आजी १९६५ च्या जानेवारीत गेली. लग्न झाल्याचं तिला कळलं होतं. आपल्या सांगण्याचं काय झालं, ते कळलं नाही.

चोपन्न वर्षांनी माझ्यापुढचा निर्णय

नववं पत्र, म्हणजे आजीचं ते पत्र, वाचून मी चार दिवस काम बंद ठेवलं. माझ्याकडे भाषांतर मागितलं होतं, पण हा कागद नुसता जुना नव्हता. मामझेरपणाचा नियम आजही लागू आहे आणि तो पिढ्यान्पिढ्या चालतो. नातीचं स्वतःचं लग्न ठरत होतं, हे तिने ओघात लिहिलं होतं.

पत्र गाळायचं नाही, हे मी लवकर ठरवलं. घर त्यांचं, आजी त्यांची. फोन करून आधी विचारलं: एका पत्रात तुझ्या घरातल्या लग्नांना स्पर्श करील अशी गोष्ट आहे, ऐकायची आहे का, आणि तोंडी की लेखी? ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, तोंडी. मी वाचत इंग्रजीत सांगत गेले. शेवटी तिने विचारलं, त्यांनी उत्तर दिलं होतं का?

इथवर ठीक झालं. चूक त्याआधीच झाली होती आणि ती माझी. काम सुरू करताना मी बारा पत्रांची यादी ईमेलने पाठवली होती, प्रत्येकापुढे विषय एका ओळीत. नववं वरवर चाळून मी लिहिलं होतं: आजीचं पहिलं लग्न. ती यादी तिने आनंदाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली होती. आठवड्यात अश्दोदच्या काकांचा फोन आला, पहिलं म्हणजे काय? दोन चुलत भावंडं कित्येक महिने तिच्याशी बोलली नाहीत.

शेवटी घरच्यांनी एकत्र बसून ठरवलं की मूळ पत्र एकाकडे बंद राहील, स्कॅन पुसले जातील आणि कुटुंबासाठी छापायच्या पुस्तिकेत ते येणार नाही. नातीने एका धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला नाव-गाव न सांगता विचारलं. त्याने ताल्मूद या यहुदी धर्मग्रंथातलं एक जुनं तत्त्व सांगितलं: जे कुटुंब समाजात मिसळून गेलं ते गेलं, त्याचा दोष उकरून काढू नये. शिवाय त्या बालविवाहाला शास्त्रोक्त साक्षीदार तरी होते का, हाच आधीचा प्रश्न आहे, असंही तो म्हणाला. प्रकरण तिथेच थांबलं. तिचं लग्न झालं.

वेगळं काय करता आलं असतं

हाच प्रश्न असाच, नाव न घेता, १९६३ मध्ये एखाद्या सहृदय पंडिताला विचारता आला असता. आई आणि लेक दीड वर्ष ज्या भीतीत जगल्या तिची धार तेव्हाच कमी झाली असती. पण कोणाला विचारणार? हिब्रू तोडकी, कचेरीवरचा विश्वास उडालेला, आणि समाजाच्या पुढाऱ्यांना सांगावं तर लढाईच्या ऐन भरात हेच उदाहरण विरोधकांच्या हाती पडलं असतं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

वडिलांपासून लपवलं हे मला खटकतं. लेकीच्या म्हणण्याप्रमाणे ते ऐकून जास्तच भांडले असते, म्हणून लपवलं. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की बायकोने अर्ज घाबरून मागे घेतला, आणि ते हे चारचौघांत बोलून दाखवत. आईने ते पंचवीस वर्षं ऐकून घेतलं.

आजीला उत्तर जायला हवं होतं. त्यात 'ती गोष्ट' असायची गरजच नव्हती. पत्र पोचलं, एवढे दोन शब्दही चालले असते.

माझ्यापुरतं बोलायचं तर आता कोणाचेही घरगुती कागद हाती घेतले की सगळे पूर्ण वाचल्याशिवाय मी यादी करत नाही, आणि यादीत विषय लिहीत नाही. तारीख, कोणी, कोणाला, एवढंच. पहिल्याच बोलण्यात विचारून घेते की अनपेक्षित काही निघालं तर ते कोणाला सांगायचं. ज्यांच्याकडे आजी-पणजीच्या पिढीचं माणूस अजून आहे त्यांना मी बायकांची नावं आधी लिहून घ्यायला सांगते, माहेरच्या गावासकट आणि त्यांच्या आईच्या नावासकट. पुरुषांची नावं कुठल्या ना कुठल्या सर्व्हिस बुकात सापडतातच.

उरलेला एक धागा

२०१९ च्या हिवाळ्यात नात आली. आम्ही अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग पाहिलं, अलिबागजवळच्याच खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा दाखवतात तो खडक पाहिला, मग गावाला गेलो. तेल्याच्या घराच्या जागी सुरूची झाडं आणि एक रिसॉर्ट आहे. दफनभूमीत दगड अर्धे मातीत. मी मराठी अक्षरं वाचत होते, ती हिब्रू, आणि ज्या दगडावर दोन्ही होती तिथे आम्ही एकमेकींना आपापली ओळ वाचून दाखवत होतो.

ती मला म्हणाली, सगळे आजीबद्दल विचारतात, त्या मुलाचं काय झालं? बारा वर्षांचा मुलगा, ज्याच्या आजीबद्दल कोणीतरी काहीतरी बोललं आणि ज्याच्या घरी लुगडं आणि भांडी परत गेली. आजीने साठ वर्षांनंतरही त्याचं नाव बापाच्या नावासकट, गावासकट लिहिलं आहे. पत्रातल्या इतर कोणाचंही नाव तिने इतकं पूर्ण लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीपलीकडे गेलो. त्या गावात आता एकही बेने इस्रायल घर नाही. किराणा दुकानातल्या म्हाताऱ्याने विहिरीजवळचं एक पडकं जोतं दाखवलं आणि म्हणाला, इथे शनवार तेल्यांचं घर होतं, माझ्या वडलांच्या लहानपणीच मुंबईला गेले. आडनाव त्याला आठवत नव्हतं. नातीने जोत्याचा फोटो काढला, मग पर्स उघडून त्या मुलाचं नाव मी तिला देवनागरीत लिहून दिलेली चिठ्ठी काढली आणि मला म्हणाली, हे मला पुन्हा एकदा वाचून दाखवा, मला बरोबर म्हणायचं आहे.